घरी माहीत आहे का?

आमच्या ऑफिसात दर सहा महिन्यांनी कुणीतरी जेवणाच्या टेबलावर डबा बंद करता करता जाहीर करतो, "बस झालं राव, सोडतो आता सगळं." कुणी हिमाचलमध्ये कॅफे काढणार असतो, कुणी बाईकवरून देशभर फिरणार असतो, कुणाला एकदम कोकणातली आंब्याची कलमं दिसायला लागतात. अप्रेझलची पत्रं हातात पडली की पुढचा आठवडाभर हे वारं जरा जोरातच वाहतं. मग पगार जमा होतो, ईएमआय कापला जातो आणि सगळे पुन्हा बग फिक्स करायला बसतात. चालायचंच.

माझं वेड शिडाच्या बोटीचं. आमच्या घराण्यात चार पिढ्यांत कुणी समुद्रात गुडघ्याच्या वर गेलेलं नाही, त्यामुळे हे कुठून आलं देव जाणे. मुंबईत नोकरी होती तेव्हा दोन वर्षं शनिवार-रविवार एका क्लबात शीड हाकायला शिकलो, हे एक कारण. पण खरं कारण म्हणजे एक गोष्ट. ती मी कॅन्टीनमध्ये इतक्या वेळा सांगितली आहे की टीममधले जुने लोक "झालं, आला मॅनरी" असं म्हणून पाण्याची बाटली भरायला उठतात.

तर मंडळी, ती गोष्ट अशी.

रॉबर्ट मॅनरी हा अमेरिकेत क्लीव्हलंड शहरातल्या 'प्लेन डीलर' नावाच्या दैनिकात कॉपी एडिटर होता. म्हणजे दुसऱ्यांनी लिहिलेल्या बातम्यांतल्या चुका काढायच्या, मथळे द्यायचे, वेळेत मजकूर पुढे सोडायचा. कोड रिव्ह्यू करणाऱ्यांना हे काम लगेच ओळखीचं वाटेल. बायको, दोन मुलं, उपनगरात घर. आणखी एक गंमत म्हणजे हा माणूस जन्माने आपल्याकडचा. १९१८ मध्ये मसुरीला लागून असलेल्या लंढौरमध्ये त्याचा जन्म झाला आणि शाळाही तिथलीच, वुडस्टॉक. शाळेत असताना एका जर्मन दर्यावर्दीचं व्याख्यान त्याने ऐकलं आणि छोट्या बोटीतून समुद्र ओलांडायचं डोक्यात शिरलं. तिथून समुद्र शेकडो मैल लांब! पण वेडाला कुठे नकाशा लागतो?

ते वेड बाहेर यायला वयाची चाळिशी उजाडली. १९५८ मध्ये त्याने १६० डॉलरला एक जुनी लाकडी बोट विकत घेतली. बोट तीसेक वर्षांची, लांबी साडेतेरा फूट. साडेतेरा फूट म्हणजे किती? खाली पार्किंगमध्ये जाऊन एखादी स्विफ्ट बघा. तिच्यापेक्षा जेमतेम फूटभर लांब, आणि रुंदीला तिच्याहून कमी. फळी चिरलेली, काही लाकूड कुजलेलं. तलावात रविवारी पोराबाळांना घेऊन चक्कर मारायची, एवढ्याचसाठी ती बनवलेली. मॅनरीने कुजलेलं लाकूड बदललं, तळाला फायबरग्लास चढवलं, उघड्या बोटीवर स्वतःच्या हाताने छोटीशी केबिन बांधली. आत सामान भरल्यावर माणसाने अंग मुडपून झोपावं, एवढी जागा. बोट कलंडली तर परत सरळ व्हावी म्हणून खाली जड कील बसवला. पाणी भरलं तरी बुडू नये म्हणून मोकळ्या जागांत फोम भरला. बोटीचं नाव टिंकरबेल.

१९६५ मध्ये एका मित्राबरोबर त्याच्या पंचवीस फुटी बोटीतून अटलांटिक ओलांडायचा बेत ठरला. मॅनरीने ऑफिसातून बिनपगारी रजा मंजूर करून घेतली. आणि मित्राने माघार घेतली. आता रजा तर हातात आहे. मॅनरीने ठरवलं, आपण आपल्या टिंकरबेलमधून एकट्यानेच जायचं. ऑफिसात मात्र तो काही बोललाच नाही. सगळे समजत होते की हा मित्राबरोबर मोठ्या बोटीतून चालला आहे.

१ जून १९६५ रोजी मॅसॅच्युसेट्समधल्या फाल्मथहून तो निघाला. दुसऱ्याच दिवशी सत्तेचाळीस वर्षांचा झाला. आणि अठ्ठ्याहत्तर दिवसांनी, १७ ऑगस्टला, इंग्लंडमधल्या कॉर्नवॉलच्या फाल्मथ बंदरात पोचला. इकडचं फाल्मथ ते तिकडचं फाल्मथ, सुमारे ३,२०० मैल. न थांबता अटलांटिक ओलांडणारी तोवरची ती सगळ्यात लहान बोट होती. बंदरात हजारो लोक जमले होते.

इथे मी कॅन्टीनमध्ये थोडा थांबायचो. मग म्हणायचो, "आणि बॉसला पत्ताच नाही!" हमखास टाळ्या. विशेषतः आमचा मॅनेजर दुसऱ्या टेबलावर असला तर.

हे वाक्य मी निदान पन्नास वेळा तरी म्हटलं असेल. त्यात नेमकं काय राहून जातंय हे मला कळायला एक डिसेंबर आणि भाटघर धरणाचं थंड पाणी लागलं.

झालं असं. पुण्याला बदलून आल्यावर मी आणि माझा एक मित्र, आम्ही दोघांनी मिळून एका क्लबाने मोडीत काढलेली फायबरग्लासची डिंगी घेतली. लांबी तेरा फूट. टिंकरबेलपेक्षा सहा इंच कमी, हे मी लगेच टेप लावून मोजलं होतं. आठ महिने ती आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये होती. सेक्रेटरींनी दोनदा नोटीस लावली. "व्हिजिटर पार्किंगमध्ये नौका ठेवू नये" असा कागद बोर्डावर लावावा लागणारी पुण्यातली बहुधा आमचीच सोसायटी असेल. आम्ही दर रविवारी पॉलिश पेपर घासायचो, रेझिन कालवायचो, आणि चहा पीत मालवणहून गोव्याला कसं जायचं याच्या गप्पा मारायचो. बायकोने रेझिनच्या वासाबद्दल कुरकुर केली, पण आठ महिने चहा आणि पोहे तिनेच खाली पाठवले.

मग बोट टेम्पोत घालून भाटघरच्या बॅकवॉटरला नेली. तिथे मित्राच्या ओळखीच्या शेतकऱ्याच्या बांधावर ती ठेवायची सोय झाली. दोन कामं राहिली होती. एक, ॲल्युमिनियमच्या पोकळ डोलकाठीचं वरचं टोक फोम घालून बंद करायचं होतं, म्हणजे बोट उलटली तर काठीत पाणी शिरत नाही आणि ती तरंगत राहते. दोन, बोटीच्या बाजूला हवेच्या ज्या बंद टाक्या असतात, त्यातल्या एका टाकीच्या झाकणाचं रबर झिजलं होतं, ते बदलायचं होतं. दोन्ही मिळून दीड तासाचं काम. आम्ही ते एका कागदावर लिहून ठेवलं होतं. 'पुढच्या वेळी' असं वर लिहून. कोडमध्ये आपण 'टूडू' अशी कॉमेंट टाकून पुढे जातो ना, अगदी तसंच.

डिसेंबरातला एक शनिवार ठरला. आणि शुक्रवारी रात्री मित्राचा फोन. ऑनसाईटचं नक्की झालं, बुधवारची फ्लाईट, शनिवारी खरेदी आणि सासरी जेवण. "तू पण नको जाऊस रे, मी आल्यावर बघू." तो येणार होता दीड वर्षाने.

मला मॅनरी आठवला नसता तरच नवल. मित्राने माघार घेतली, रजा हातात, बोट तयार. हुबेहूब तेच! ऑफिसच्या ग्रुपवर मी रात्रीच टाकून मोकळा झालो, "उद्या सोलो." सतरा अंगठे आले. सकाळी बायकोने डब्यात थालीपीठ देताना विचारलं, "त्याला पण पुरेल ना?" मी म्हणालो, "पुरेल की."

एवढंच. तसं म्हटलं तर खोटंसुद्धा बोललो नाही.

अकरापर्यंत सगळं छान चाललं. नंतर डोंगराच्या खिंडीतून वारा एकदम फिरला, शीड एका बाजूचं दुसऱ्या बाजूला सपकन आलं आणि मी काही कळायच्या आत पाण्यात. घाबरण्यासारखं काही नव्हतं, लाईफ जॅकेट अंगात होतं. उलटलेली डिंगी सरळ कशी करायची हे मी क्लबात वीस वेळा केलेलं. बोटीच्या मधोमध खाली जी फळी असते तिच्यावर उभं राहायचं आणि मागे झुकायचं, बोट आपसूक उभी राहते. मी झुकलो. बोट हलेना. डोलकाठी पाण्याने भरली होती, आणि पाण्याने भरलेली काठी पाण्यातून वर काढणं एकट्या माणसाच्या वजनाचं काम नाही. तेवढ्यात त्या झाकणातून टाकीत पाणी शिरायला लागलं. बोट आडवी होती ती पूर्ण उलटी झाली. काठी थेट खाली, तळ वर.

दोन राहिलेली कामं. दोन्ही एकाच वेळी समोर उभी.

काठ फार लांब दिसत नव्हता, पण पाण्यातून काठ नेहमीच जवळ दिसतो. बोट सोडायची नाही हा नियम पाठ होता म्हणून तिला धरून राहिलो. पावणेदोन तास. पहिला अर्धा तास मी स्वतःवर चिडलो होतो. नंतर दात वाजायला लागले. मग बोटांनी धरलंय की नाही हे बघून खात्री करावी लागायला लागली. त्या वेळी माझ्या मनात समुद्र, साहस, मॅनरी काही नव्हतं. 'त्याला पण पुरेल ना' एवढंच परत परत.

शेवटी जाळं काढायला आलेल्या एका आजोबांनी पाहिलं. होडी जवळ आणून त्यांनी मला बखोटीला धरून आत ओढलं, अंगावर घोंगडी टाकली, आणि थोडा वेळ नुसतं बघत राहिले. मग म्हणाले, "एकलंच आलायसा व्हय?"

मी मान हलवली.

"घरी म्हाईत हाय का?"

मी काही बोललो नाही. त्यांनीही परत विचारलं नाही.

माझा फोन तळाला गेलेला. काठावर आल्यावर त्यांनी त्यांचा दिला. मला पाठ असलेला नंबर जगात एकच, बायकोचा. मी सांगितलं, बोट उलटली, मी ठीक आहे, काळजी करू नको. ती एक क्षण गप्प होती. मग म्हणाली, "बरं. त्याच्याकडे दे फोन."

त्यानंतरचं संभाषण इथे लिहीत नाही. फार मोठं नव्हतंच. भांडण झालं असतं तर बरं, असं वाटावं इतकं लहान होतं.

पुढे दोन-तीन आठवड्यांनी, घरातलं हवामान जरा निवळल्यावर, भाजी निवडता निवडता तिने सहज विचारलं, "तुझा तो मॅनरी. त्याच्या बायकोला माहीत होतं?"

इतक्या वर्षांत मला हे कुणी विचारलं नव्हतं. आणि मीही स्वतःला विचारलं नव्हतं. मॅनरीचं 'टिंकरबेल' हे पुस्तक १९६६ मध्ये आलं. मी ते बऱ्याच वर्षांपूर्वी वाचलं होतं, म्हणजे वादळं वाचली होती, घरगुती भाग भराभर उलटला होता. परत उघडलं. उत्तर साधं होतं. व्हर्जिनियाला, म्हणजे त्याच्या बायकोला, सगळं माहीत होतं. मित्र गळाला हे माहीत होतं, हा साडेतेरा फुटी बोटीतून एकटा जाणार हे माहीत होतं. तिने हो म्हटलं होतं. आणि ही गोष्ट बाहेर फुटू दिली नव्हती.

ऑफिसला माहीत नव्हतं, घरी माहीत होतं. माझ्या बाबतीत ऑफिसला माहीत होतं, घरी नव्हतं. मी त्याची गोष्ट बरोबर उलटी केली होती, माझ्या डिंगीसारखी.

यातला फरक मला आता असा दिसतो. ऑफिसला सांगितलं असतं तर काय झालं असतं? शहाण्या माणसांनी त्याला थांबवायचा प्रयत्न केला असता, एवढंच. त्यात ऑफिसचं पणाला काही लागलेलं नव्हतं. एक कॉपी एडिटर कमी झाला असता तर दुसरा मिळाला असता. आपल्या सगळ्यांचं तसंच असतं, कितीही 'क्रिटिकल रिसोर्स' म्हटलं तरी. पण घरच्या माणसाचं सगळं पणाला लागलेलं असतं. ज्याचं पणाला लागलंय त्याला ते माहीत असायला हवं. हे कळायला खरं तर धरणात पडायची गरज नसते, पण आमची प्रगती अशीच.

दुसऱ्या वाचनात मला आणखी एक गोष्ट दिसली. कॅन्टीनच्या गोष्टीत मी १९५८ आणि १९६५ या दोन सालांच्या मधली सात वर्षं एका वाक्यात उरकायचो. 'मग त्याने बोट दुरुस्त केली' की लगेच अटलांटिक! पण सगळी गंमत त्या सात वर्षांत आहे. तो ऑफिसहून यायचा आणि त्या बोटीवर काम करायचा. सेक्स्टंटवरून सूर्याचा कोन मोजून आपण कुठे आहोत हे काढायला शिकला. काय काय बिघडू शकतं याचा विचार करून त्याची उत्तरं आधीच बोटीत बसवून ठेवली.

इतक्या लहान बोटीचे फायदे-तोटे कागदावर मांडून बघण्यासारखे आहेत. लहान बोट हलकी, त्यामुळे मोठ्या लाटेशी ती झुंजत नाही, बुचासारखी वर येते. शीड एवढंसं, एका माणसाच्या ताकदीने आवरता येतं. काहीही मोडलं तरी हाताला येतं. पण बोट जितकी आखूड तितकी तिची जास्तीत जास्त गती कमी, हे भौतिकशास्त्र आहे, त्याला इलाज नाही. ३,२०० मैल भागिले ७८ दिवस केलं तर दिवसाला सरासरी एक्केचाळीस मैल येतात. म्हणजे ताशी पावणेदोन मैलांच्या आत. लक्ष्मी रस्त्यावर दिवाळीच्या आधी आपण चालतो साधारण त्या गतीने! इतकं हळू जायचं म्हणजे पाणी जास्त न्यायचं, अन्न जास्त न्यायचं, आणि वाटेत येईल ते प्रत्येक वादळ अंगावर घ्यायचं. पळून जाता येतच नाही.

आणि ती वादळं आली. लाटेने त्याला बोटीबाहेर फेकलं, तेही एकदा नव्हे. बोटीला बांधलेल्या दोरीला धरून तो परत वर चढला. सुकाणू मोडलं, ते भर समुद्रात त्याने दुरुस्त केलं. जहाजांच्या वाटेवर रात्री जागं राहायचं म्हणून गोळ्या घेतल्या, त्या आणि जागरण मिळून त्याला भास व्हायला लागले, नसलेली माणसं बोटीत दिसायला लागली. हे सगळं होऊनही तो पोचला. पावणेदोन तासांत माझी जी अवस्था झाली ती आठवली की अठ्ठ्याहत्तर दिवस हा आकडा आता मला टाळी घेण्यासाठी वापरवत नाही. त्याचा कील आणि त्याचा फोम बोट पाण्यात उतरण्याआधी बसलेला होता. 'पुढच्या वेळी' असं लिहिलेल्या कागदावर नव्हता.

असाच कागद घेऊन समुद्रात गेलेला एक माणूसही होऊन गेला, आणि तो इंजिनिअर होता. डोनाल्ड क्रोहर्स्ट. १९६८ मध्ये एकट्याने न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा करायची शर्यत जाहीर झाली. निघायची शेवटची तारीख ३१ ऑक्टोबर. क्रोहर्स्टची बोट टिंकरबेलसारखी साधी नव्हती, चाळीस फुटी आणि तीन अंगांची. ती उलटू लागली तर आपोआप सरळ करणारी यंत्रणा त्याने स्वतः डिझाईन केली होती. पण वेळेत काम पुरं झालं नाही. तारा जोडायच्या राहिल्या होत्या. बोटीत पाणी शिरत होतं. मागे फिरायचं तर कर्जात बुडणार, म्हणून तो शेवटच्या तारखेला तसाच निघाला. डेडलाईनला अर्धवट रिलीज करणं म्हणजे काय, हे आपल्याला कुणी शिकवायला नको. पुढे जाणं शक्य नाही हे कळल्यावर तो अटलांटिकमध्येच घुटमळत राहिला आणि रेडिओवरून खोट्या जागा कळवत राहिला. घरी बायको आणि चार मुलं ते खरं मानून वाट बघत होती. जुलै १९६९ मध्ये बोट सापडली. बोटीत कुणी नव्हतं.

त्याच शर्यतीत पुरा प्रवास करणारा एकटाच माणूस, रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन, ज्या 'सुहेली' बोटीतून गेला ती मुंबईत बांधलेली, सागवानी, बत्तीस फुटी. एप्रिल १९६९ मध्ये ती पोचली त्याच कॉर्नवॉलच्या फाल्मथला, जिथे चार वर्षांपूर्वी टिंकरबेल लागली होती. पूर्वी मी ही गोष्ट सांगताना छाती फुगवून 'आपल्या मुंबईची बोट' एवढंच सांगायचो, आणि क्रोहर्स्टचं नाव गाळायचो. कारण उघड आहे. तिघांपैकी मला सगळ्यात जवळचा तोच होता. थालीपिठाचा डबा हातात घेऊन 'पुरेल की' म्हणताना मी जे केलं, ते तसं रेडिओवरून खोटी जागा कळवण्यासारखंच होतं.

मॅनरीचं पुढे काय झालं? फाल्मथला त्याची बायको आणि मुलं त्याला घ्यायला हजर होती. तो प्रसिद्ध झाला, नोकरी सोडली, व्याख्यानं दिली. नंतर मोठी बोट घेऊन सगळं कुटुंबच प्रवासाला निघालं. पण ते सुख फार टिकलं नाही. १९६९ मध्ये व्हर्जिनिया मोटार अपघातात गेली. समुद्र ज्याला गिळेल अशी भीती होती तो मागे राहिला, आणि घरी थांबलेली साध्या रस्त्यावर गेली. १९७१ मध्ये तोही हृदयविकाराने गेला, वय बावन्न. टिंकरबेल क्लीव्हलंडच्या वेस्टर्न रिझर्व्ह हिस्टॉरिकल सोसायटीकडे आहे. कधी तिकडे ऑनसाईट गेलात तर बघून या, आणि तिच्या शेजारी स्विफ्ट मनातल्या मनात उभी करून बघा.

आता आमच्या डिंगीचं. मला वाटलं होतं की बायको म्हणेल, विकून टाक. ती तसं म्हणाली नाही. म्हणाली, "आधी तो कागद दाखव." मी दाखवला. तिने त्यावरचं 'पुढच्या वेळी' खोडलं आणि तारीख घातली. त्या तारखेला आम्ही दोघं भाटघरला गेलो. डोलकाठीचं टोक बंद केलं, झाकणाचं रबर बदललं. दीड तासाचं काम म्हणालो होतो ना? दोन तास वीस मिनिटं लागली. एस्टिमेट चुकणं हा आपला धर्मच आहे. मग काठाजवळ, छातीभर पाण्यात, बोट मुद्दाम उलटी केली. ती काठावर घड्याळ लावून उभी होती. पहिल्यांदा सहा मिनिटं लागली, दुसऱ्यांदा चार. तिसऱ्यांदा ती म्हणाली, "आता डोळे मिटून कर." केलं. साडेपाच.

आजोबा होडीतून बघत होते. दुपारी आमच्याबरोबर जेवायला बसले. थालीपीठ तिघांना पुरलं.

त्यानंतर मी एकटा अजून गेलेलो नाही. जायचं आहे, हे खोटं कशाला बोलू? मालवण-गोवा अजून डोक्यात आहेच. जाईन तेव्हा आधी सांगणार, आणि विचारणार. ती हो म्हणेलच असं काही नाही. तो धोका मला पत्करायला हवा.

आणि हो, कॅन्टीनमध्ये मॅनरीची गोष्ट अजून सांगतो. परवाच टीममध्ये नवीन आलेल्या एका पोराने विचारलं, "मग सर, बॉसला खरंच माहीत नव्हतं?" मी म्हणालो, "नव्हतं. पण बायकोला होतं." टाळ्या वाजल्या नाहीत. जुन्यांपैकी एक जण मात्र बाटली भरायला उठला होता, तो परत बसला.